मित्राच्या मृत्युलेखानंतर

(पाथरी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कॉलेजात बरोबर शिकलेला एखादा मित्र ऐन तारुण्यात जातो, तेव्हा पहिल्या वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला सभागृह भरते. तसबिरीला हार घातला जातो, उदबत्ती लावली जाते, बोलताना दोघातिघांचा कंठ दाटून येतो. तिसऱ्या वर्षी दहा माणसे जमतात. पाचव्या वर्षी तसबीर भिंतीवर असते आणि तारीख कोणाच्या ध्यानात नसते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. संसार आणि पोटापाण्याची धावपळ माणसाला पुढे ओढून नेते. परंतु दरम्यान आणखी एक गोष्ट घडते, ती अधिक गंभीर आहे. गेलेला मित्र हळूहळू गुळगुळीत होत जातो. तो फार प्रेमळ होता, त्याला शत्रू नव्हता, तो सर्वांचा होता, असे वर्णन सुरू होते. त्याची धारदार मते, ज्यांच्यापायी तो घरच्यांशी, गावाशी, प्रसंगी आपल्याशीही भांडला, ती श्रद्धांजलीतून गळून पडतात. उरतो तो एक निरुपद्रवी सज्जन. त्याची आठवण काढली जाते, पण त्याचे म्हणणे ऐकले जात नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे प्रश्न असा आहे : लवकर गेलेल्या मित्राचे आपल्यावर नेमके कोणते ऋण असते? आणि तो जाण्यापूर्वी आपल्या आणि त्याच्या वाटा वेगळ्या झालेल्या असतील, तर ते ऋण संपते की वाढते?

या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राच्या इतिहासात एक फार मोठे उदाहरण आहे. ते आहे गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्या मैत्रीचे. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. दोघांत अंतर अवघे नऊ दिवसांचे. टिळक १ ऑगस्ट १९२० पर्यंत जगले. आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले, तेव्हा त्यांना एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यास महिनाभर अवधी होता. एकाच महिन्यात जन्मलेल्या या दोघा मित्रांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस वर्षे अधिक मिळाली. त्या पंचवीस वर्षांचे काय झाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास. मधल्या काळात कचेरीत उमेदवारी. अकोल्याहून १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, असे त्यांचे दिवस होते म्हणून सांगतात. पाथरी, सेलू, मानवत, सोनपेठ या भागातून परभणीला, नांदेडला किंवा पुण्याला शिकावयास गेलेल्या मुलांना हे चित्र परके वाटणार नाही. चौघांत एक खोली, घरून एसटीने येणारा डबा, परीक्षेचे शुल्क भरण्याच्या दिवशी वडिलांना करावयाचा फोन, हे ज्यांनी अनुभवले त्यांना आगरकरांचा सदरा समजतो. फरक एवढाच की, पदवी मिळाल्यावर आगरकरांनी आईला लिहिले ते नोकरी लागल्याचे पत्र नव्हते. मुलगा मोठ्या परीक्षा उतरला म्हणजे मोठ्या पगाराची जागा मिळवील आणि आपले पांग फिटतील, अशी आशा धरू नये. पोटापुरते मिळवून तो बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार आहे, या आशयाचे ते पत्र होते. त्या आईची मनःस्थिती काय झाली असेल, याचाही विचार आपण केला पाहिजे. त्यागाची किंमत त्याग करणाऱ्याइतकीच त्याच्या घरातली माणसे मोजत असतात.

याच डेक्कन कॉलेजात आगरकर आणि टिळक यांचे मैत्र जुळले. एक तत्त्वज्ञान व इतिहासाकडे वळलेला, दुसरा गणित व कायद्याकडे. सरकारी नोकरी करावयाची नाही, देशातील माणसे शिकवून शहाणी करावयाची, हा निश्चय दोघांचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर गेले. त्यांचे वय अवघे एकतीस. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. यांतील बहुतेक मंडळी तिशीच्या आतबाहेरची होती. तरुणांच्या हाती काही नसते, असे जे म्हणतात त्यांनी ही सनावळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

मैत्रीची खरी कसोटी १८८२ साली लागली. कोल्हापूर संस्थानच्या तरुण महाराजांचे हाल होत असल्याबद्दल व तेथील दिवाणाबद्दल जो मजकूर या पत्रांतून आला, त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सवलत मिळून ती एकशे एक दिवसांवर आली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी हे दिवस एकत्र काढले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिले. कोठडीत दोघांचे तासन्तास वाद चालत. देशाचे दारिद्र्य, समाजाची रूढी, आधी काय आणि नंतर काय, हे सारे विषय त्या भिंतींनी ऐकले. या खटल्यात जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने सत्यशोधक समाजाचे रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला, हीही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्राह्मण समाजातील रूढींवर आणि चिपळूणकरी वळणाच्या लेखनावर फुल्यांचा रोष होता. परंतु अन्यायाविरुद्ध लिहिणारे दोन तरुण अडचणीत आले, तेव्हा मतभेद त्यांच्या आड आला नाही.

मग ही मैत्री तुटली कशी? याचे सोपे उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे. एक कारण तत्त्वाचे होते. राजकीय स्वातंत्र्याची आकांक्षा आधी जागवावी, समाजात फूट पाडणारे प्रश्न तूर्त मागे ठेवावेत, सुधारणा लोकशिक्षणाने सावकाश व्हावी, असे टिळकांचे म्हणणे. जो समाज आपल्या घरातील मुलीला व विधवेला न्याय देत नाही, त्याला परक्याकडे न्याय मागण्याचे बळ कोठून येणार, असे आगरकरांचे विचारणे. दुसरे कारण संस्थेतील व्यवहाराचे होते : आजीव सभासदांचे वेतन, बाहेरचे उत्पन्न, त्यागाचा अर्थ. कार्यकर्त्यांच्या मानधनावरून जे वाद आजही होतात, तेच थोड्याफार फरकाने तेथे झाले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. १८८८ मध्ये त्यांचा ‘सुधारक’ निघाला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. तत्त्वाचा वाद व पैशाचा वाद एकत्र आले म्हणजे त्यांतून जो कडवटपणा निर्माण होतो, त्याचा अनुभव कोणत्याही पक्षातील कार्यकर्त्याला समजावून सांगावा लागत नाही.

या वादाचे टोक संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी गाठले गेले. कलकत्त्यातील फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूने देश हादरला होता. संमतीचे वय दहावरून बारा करण्याचे विधेयक आले आणि मार्च १८९१ मध्ये त्याचा कायदा झाला. आज हा आकडा वाचतानाही अंगावर काटा येतो : वाद सोळा-अठरा वर्षांचा नव्हता, दहा की बारा हा होता! आगरकरांनी विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला. टिळकांनी विरोध केला. मात्र न्याय करावयाचा तर टिळकांची भूमिका पुरती सांगितली पाहिजे. मुलींची लग्ने लहानपणी व्हावीत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सुधारकांनी आपल्या मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत व मुलांची वीस वर्षांच्या आत न करण्याची शपथ स्वतः घ्यावी, असे त्यांनीच सुचविले होते. त्यांचा आक्षेप परकीय सरकारने कायद्याचा बडगा उगारण्याला होता. आगरकरांचे उत्तर असे की, ज्या मुलीचा जीव आज जात आहे तिला समाज शहाणा होईपर्यंत थांबण्यास सांगणे क्रूरपणाचे आहे.

पुण्यातील सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आपल्या घरावरून आपलीच तिरडी जाताना पाहण्याचा हा प्रसंग. त्याने ते खचले नाहीत. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे अकाली गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. एकीकडे कॉलेज, एकीकडे ‘सुधारक’, आणि छातीत जन्माचा सोबती झालेला दमा. पैसा कधी साठला नाही. आपल्या मागे पत्नीला अंत्यसंस्कारासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनी थोडे रुपये पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. जून १८९५ मध्ये दम्याने त्यांचा बळी घेतला.

त्या वेळी ‘केसरी’ टिळकांच्या हाती होता. आगरकरांवरील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. एरवी मजकूर भराभर सांगणाऱ्या टिळकांना तो लेख सांगताना पुन्हापुन्हा थांबावे लागले, डोळ्यांचे पाणी आवरेना, अशी आठवण त्यांच्या निकटच्या मंडळींनी नोंदवून ठेवली आहे. मृत्यू समोर उभा राहिला म्हणजे मतभेद निस्तेज होतात आणि जुन्या सहवासाच्या आठवणी मनात दाटतात, या आशयाचे त्यांचे लिहिणे होते. आगरकरांच्या बुद्धीचे, निर्भयपणाचे, साधेपणाचे मोल त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. हे अश्रू खोटे होते, असे म्हणणारा माणूस मैत्री म्हणजे काय हे जाणत नाही. ज्याच्याशी आठ वर्षे कडाडून भांडलो, त्याच्यासाठी रडता येणे ही मनाच्या मोठेपणाची खूण आहे. आपल्या सार्वजनिक जीवनातून ती फार वेगाने नाहीशी होत आहे.

पण गोष्ट येथे थांबत नाही. मृत्युलेखाला सहा महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. राष्ट्रसभेच्या मंडपात तिच्यामागोमाग सामाजिक परिषद भरविण्याचा प्रघात होता. पुण्यात या परिषदेला टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडून एवढा विरोध झाला की, न्यायमूर्ती रानड्यांना ती वेगळ्या ठिकाणी भरवावी लागली. ज्या विषयांसाठी आगरकर झिजले, त्या विषयांना ज्या शहरात ते झिजले त्याच शहरात राष्ट्राच्या मंडपात जागा मिळाली नाही. मित्रासाठी डोळ्यांत पाणी होते. मित्राच्या कामासाठी दार बंद होते. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. टिळकांना दांभिक ठरविण्यासाठी हे सांगावयाचे नाही. त्यांनी आपले मत लपविले नव्हते, मित्र गेला म्हणून ते बदलल्याचे सोंगही केले नाही. सांगावयाचे एवढेच की, अश्रूंनी ऋण फिटत नाही. टिळकांसारख्या पर्वतप्राय माणसाच्या अश्रूंनीही ते फिटले नाही.

त्याच काळात फर्ग्युसन कॉलेजात आगरकरांचे एक सहकारी गणित शिकवीत होते. ते मोठे वक्ते नव्हते, लेखणीही त्यांची तेजस्वी नव्हती. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नाव. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. आगरकरांच्या मृत्यूला वर्ष होते न होते तो, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. त्यातून हिंगण्याचे काम वाढले, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. आगरकरांनी जे लिहिले होते, त्याला कर्व्यांनी जागा मिळवून दिली, वर्गणी गोळा केली, मुलींच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. तेव्हा आगरकर गेल्यानंतरच्या वर्षभरात महाराष्ट्राला स्मरणाच्या दोन रीती दिसल्या. एका रीतीने एक उत्कट मृत्युलेख दिला, दुसऱ्या रीतीने एक आश्रम दिला. मराठी मनाला पहिली अधिक आठवते, ही आपली खोड आहे.

आता हे सारे पाथरीत बसून बोलण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. पुण्यात हा वाद चालला होता, तेव्हा पाथरी निजामाच्या राज्यात होती. संमतिवयाचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा आला, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मराठवाडा भारतात आला. १९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा झाले. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा अधिक कडक कायदा झाला. सरकार आता परकीय नाही. म्हणजे टिळकांचा मुख्य आक्षेप संपला आहे आणि आगरकरांनी मागितला त्याहून कितीतरी पुढचा कायदा हातात आहे.

आणि परिस्थिती काय आहे? २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांना विचारले की, तुमचे लग्न अठराच्या आत झाले होते काय? महाराष्ट्रात ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे बावीस निघाले. परभणी जिल्ह्यात ते शेकडा अठ्ठेचाळीस निघाले. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत सर्वांत वरचा आकडा आपला आहे. दोनांतील जवळजवळ एक मुलगी. आगरकरांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाल्यानंतरचा हा हिशेब आहे.

या आकड्यापुढे उभे राहून टिळक-आगरकर वादाचा निकाल लावावयाचा, तर तो विचित्र लागतो. या जिल्ह्यात दोघेही हरलेले आहेत. कायदा हवा, असे आगरकर म्हणाले. कायदा आहे, पण तो कपाटात आहे. बालविवाह थांबविण्याची जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकाकडे दिली गेली. लग्न लावणारा, ठरविणारा, त्याला उत्तेजन देणारा, या सर्वांना दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरीही मांडव पडतो, पंगती उठतात, आणि गावातील सर्व पक्षांचे पुढारी अक्षता टाकून जातात. लोकशिक्षणाने सुधारणा व्हावी, असे टिळक म्हणाले. शाळा आल्या, महाविद्यालये आली, परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये आले, पण शिकलेला बापही धाकट्या मुलीचे लग्न थोरलीच्या मांडवात उरकून टाकतो. ज्या सुधारणेला राज्याचा आधार नाही ती रेंगाळते, आणि ज्या कायद्याला समाजाचा आधार नाही तो कागदावर राहतो. दोघा मित्रांनी सत्याची एकेक बाजू धरली होती. ते एकत्र राहिले असते तर महाराष्ट्राला दोन्ही बाजू मिळाल्या असत्या, ही खंत व्यर्थ असली तरी स्वाभाविक आहे.

मात्र समाजवादी कार्यकर्त्याने येथे तिसरी गोष्ट मांडली पाहिजे. मुलीचे लग्न लवकर होते ते केवळ रूढीमुळे नव्हे. परभणी-बीडच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला कोयता पुरा होत नाही. लग्न झाले म्हणजे जोडी होते, उचल मिळते. आईबाप सहा महिने फडावर, मग वयात आलेली मुलगी गावात ठेवायची कोणाच्या भरवशावर? गावची शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढची शाळा चार-पाच मैलांवर, जाण्यास वेळेवर एसटी नाही. वय वाढले की हुंडा वाढतो, आणि दुष्काळाच्या वर्षी पोटात एक तोंड कमी होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस उभा राहिला. पण तो तोडणाऱ्यांच्या मुली शाळेत उभ्या राहिल्या नाहीत. मुक्काम हलविणाऱ्या कुटुंबांच्या मुलींसाठी वसतिगृहे हवीत, एसटीची फेरी हवी, मुकादमाच्या उचलीच्या व्यवहारावर बंधन हवे. हे मागितल्याशिवाय आईबापांना नुसते कायद्याचे कलम वाचून दाखविणे म्हणजे गरिबाला गरिबीबद्दल शिक्षा करणे होय. आगरकरांच्या विचारात भर घालून तो पुढे नेणे हाही त्यांच्या स्मरणाचाच भाग आहे.

एक आत्मपरीक्षण या ठिकाणी केले पाहिजे. समाजवादी चळवळीनेही आपले मित्र लवकर गमावले आहेत. तुरुंगात असताना १९४२ मध्ये मुंबईचे महापौर म्हणून निवडून आलेले युसुफ मेहेरअली २ जुलै १९५० रोजी सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्याच वर्षी ११ जूनला साने गुरुजी गेले, पन्नाशीत. राममनोहर लोहिया १९६७ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी गेले. आणि ही चळवळ भांडलीही पुष्कळ. १९५५ मध्ये पक्ष फुटला. १९७७ मध्ये जे एकत्र आले ते १९७९ पर्यंत पुन्हा पांगले. काही भांडणे तत्त्वाची होती, काही जागांची, काही निव्वळ अहंकाराची. प्रत्येक वेळी वेगळे झालेल्यांनी एकमेकांविषयी जे लिहिले, ते आज वाचवत नाही. आणि प्रत्येक मृत्यूनंतर जे लिहिले, ते वाचताना डोळे भरून येतात. मित्र जिवंत असताना त्याला अर्धाच समजून घ्यावयाचा आणि गेल्यावर पुरा, ही रीत बदलली पाहिजे.

कोणी म्हणेल की, मग मतभेद दाबून टाकावेत काय? मुळीच नाही. आगरकरांनी ते दाबले असते, तर ‘सुधारक’ निघाला नसता आणि महाराष्ट्र दरिद्री राहिला असता. ‘केसरी’च्या संपादकाच्या खुर्चीत गप्प राहून ते अधिक सुखाने जगू शकले असते. भांडावे, पण कामाबद्दल भांडावे. ज्याच्याशी भांडतो त्याचे नेमके म्हणणे आपल्याला त्याच्याइतकेच नीट सांगता आले पाहिजे. तो कचाट्यात सापडला तर उरवण्यांप्रमाणे जामीन राहण्याची तयारी असावी. आणि तो गेला तर त्याच्या कामातील जो भाग आपल्यालाही पटत होता, पण भांडणाच्या ओघात आपण सोडून दिला, तो तरी उचलावा. मुलींची लग्ने सोळाच्या आत नकोत, हे टिळकांना मान्यच होते. तेवढ्या एका मान्य गोष्टीवर दोघांच्या अनुयायांनी मिळून काम केले असते, तर काय झाले असते?

अखेरीस या सभेत बसलेल्या तरुण मित्रांना एक विनंती. कॉलेजातील गेलेल्या मित्राबद्दल आपण बोलत आहोत. पण प्रत्येकाने आपल्या आठवी-नववीच्या वर्गाची आठवण करावी. पुढच्या बाकावर बसणारी, गणितात पहिली येणारी एखादी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत आली नाही. तिचे नाव हजेरीपटावर महिनाभर पुकारले गेले, मग रेघ मारली गेली. तिच्यासाठी शोकसभा झाली नाही, तसबीर लागली नाही. ती कॉलेजातली मैत्रीण होऊ शकली असती. तेथवर पोचण्यापूर्वीच ती आपल्यातून गेली. काहीजणी तर सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंतपणात खरोखरीच गेल्या. फुलमणी कलकत्त्याची होती, एवढ्यावरून तिची गोष्ट दूरची ठरत नाही.

आगरकरांची पुण्यतिथी १७ जूनला येते. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत लग्नसराई उरकलेली असते आणि शाळा याच सुमारास नुकत्याच उघडलेल्या असतात. त्या दिवशी हार, उदबत्ती आणि भाषण यांखेरीज एक काम करता येईल. पाथरी तालुक्यातील प्रत्येक गावात दोन कार्यकर्त्यांनी शाळेत जावे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आठवी ते दहावीच्या वर्गांत उभे राहावे आणि एवढेच विचारावे की, मार्चमध्ये या वर्गात असलेली कोणती मुलगी आज आली नाही? मग तिच्या घरी जावे. लग्न झाले असेल तर तिची पुस्तके तिच्यापर्यंत कशी पोचतील ते पाहावे. ठरले असेल तर आईबापांशी बोलावे, ग्रामसेवकाला भेटावे, गरज पडली तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. ती फडावर गेलेल्या कुटुंबातली असेल, तर तिच्या वसतिगृहाची मागणी घेऊन तहसीलवर जावे. या कामात दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता बरोबर आला तर त्याला आनंदाने घ्यावे.

पहिल्या वर्षी यादी लांब असेल. पुढच्या १७ जूनला तीच यादी पुन्हा हातात घ्यावी आणि किती नावे कमी झाली ते मोजावे.